पुराचे ड्रोन फोटो सगळ्यांसाठी खुले टाकावे का?

फोटोवाला_वणी
राम राम मंडळी. माझा धंदा लग्नाचे अन् प्री-वेडिंगचे शूट करायचा, त्यासाठी ड्रोन घेतला. यंदा वर्धा नदीला पूर आला, पाणी उतरायला लागलं तेव्हा सरपंचांचा फोन आला की भाऊ एकदा वरून पाहून दे, कोणत्या बाजूने गावात शिरता येते. मग नदीच्या या बाजूची तीनचार गावं, मधला नाला, रपटे (पुरात पाण्याखाली जाणारे ठेंगणे पूल), वावरं सगळं उडवून काढलं. व्हिडिओ नाही, कॅमेरा सरळ खाली धरून एकाला एक लागून फोटो, तालुक्याच्या कॉलेजातल्या एका सरांनी सांगून ठेवलं होतं तसे.

आता एक छोटी क्लिप मी स्टेटसला टाकली होती ती फिरत फिरत एका चॅनेलवर गेली, खाली माझं नाव नाही काही नाही, ते जाऊ द्या. सर म्हणतात की हे सगळे फोटो जोडले की एक मोठा नकाशा होतो अन् तो खुल्या लायसन्सवर ओपनएरियलमॅप नावाच्या साइटवर टाकला तर लोक त्यावरून रस्ते, घरं, नाले काढून देतात, मदतवाल्यांच्या कामी येतं. घरचे म्हणतात पेट्रोल तुझं बॅटऱ्या तुझ्या, फुकट कायले वाटतं. मित्र म्हणतात पोलिसांचं लफडं होईल. हार्डडिस्क तशीच टेबलावर पडून आहे. तुमचं काय मत, टाकावं का? अन् टाकलं तर खरंच कोणी पाहते का?

बंडीबैल
टाका ना भाऊ. फक्त आमच्या स्लॅबवर मी बनियनवर उभा दिसत असन तर तेवढं पुसून टाकजा, सोयरीक चालू हाये.

काळी_कसदार
पयले हे सांगा की त्याच्यानं पंचनाम्यात फरक पडते का. मागच्या पुरात आमच्याकडे पंचनाम्याले जो माणूस आला तो धुऱ्यावर उतरलाच नाही, रोडवर गाडी लावली, "दिसते ना सगळं" म्हणे अन् गेला. नाल्याकडचं अर्ध वावर खरडून गेलतं, रोडवरून हिरवंगार दिसे. फोटो खुले करा नाहीतर बंद ठेवा, खात्यात काही आलं तर कामाचं.

नकाशेवाली
टाका, आणि टाकायचं तर उशीर करू नका. पहिल्या आठवड्यात या फोटोंवरून कोणता रपटा वाहून गेला, कोणत्या वस्तीला जायला वाटच उरली नाही हे कळतं. महिन्याभराने तेच फोटो फक्त अभ्यासाला उरतात. (अभ्यासही लागतोच, पण तो अडकलेल्या माणसाच्या काय कामाचा.)

कोणी पाहतं का, तर पाहतं. २०१० च्या जानेवारीत हैतीला भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा, म्हणजे त्यांच्या राजधानीचा, धड रस्त्यांचा नकाशा नव्हता. उपग्रहवाल्या कंपन्यांनी ताजे फोटो खुले केले आणि देशोदेशीच्या लोकांनी घरी बसून त्यावरून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भरू शकेल अशा खुल्या नकाशावर, रस्ते, पडलेली घरं, तंबूंच्या वस्त्या काढल्या. बचाव पथकं तोच नकाशा जीपीएसमध्ये भरून फिरली. त्याच वर्षी हॉट, म्हणजे ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम उभी राहिली. ओपनएरियलमॅपही आता त्यांच्याच छताखाली आहे.

आणि उपग्रह असताना ड्रोन कशाला, असं कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहिते. पावसाळ्यात आपल्यावर ढग, साधे कॅमेरे असलेले उपग्रह आंधळे. युरोपचा सेंटिनेल-१ रडारवाला आहे, ढगातून पाहतो, डेटा फुकट, कोणीही उतरवून घ्यावा. पण त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, आणि एक उपग्रह त्याच वाटेने परत यायला १२ दिवस घेतो. आपला पूर दोन दिवसात चढतो आणि उतरतो. उपग्रह आला तेव्हा पाणी गेलेलं, असं बरेचदा होतं. शिवाय रडारमध्ये मोकळं पाणी काळं दिसतं, पण पाण्यात उभं पीक असलं की तेच उजळ दिसू शकतं, मग कोणी म्हणतं इथे पूर नव्हताच. फोटोवाला भाऊंचा ड्रोन ज्या दिवशी उडाला त्या दिवसाचं चित्र दुसऱ्या कोणाकडे नाही.

सावजी_रस्सा
ताई, परदेशातले लोक आमच्या गावचा रस्ता काढून देतील हे समजलं. त्यावरचे खड्डे पण काढतील का?

पटवारी_रिटायर
काळी_कसदार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, मी यातच आयुष्य काढलं.

पंचनामा म्हणजे जागेवरचा कागद. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक, शेतकरी, पंच, सगळ्यांच्या सह्या. फोटो त्याची जागा घेत नाही. पण फोटो असला की वाद घालायला आधार राहतो. दोन प्रकार लक्षात ठेवा, पीक गेलं ते वेगळं आणि जमीन खरडली ते वेगळं, मदतीचे दरही वेगळे. पीक ३३ टक्क्यांच्या वर गेलं का हे वरच्या फोटोवरून पैजेवर सांगता येत नाही, सोयाबीन वरून हिरवं आणि खालून सडलेलं असतं. खरडलेली जमीन मात्र वरून लपत नाही. काळी माती जाऊन मुरूम उघडा पडला की पांढुरका पट्टा दिसतो, तो कोणीही नाकारू शकत नाही. रोडवरून तो दिसत नाही हे तुमचं म्हणणं अगदी खरं.

पीकविमा असेल आणि त्यात स्थानिक आपत्तीचं कलम लागू असेल तर ७२ तासांत कळवायचं असतं, तिथे तारीख-वेळ असलेला फोटो जवळ असलेला बरा.

आता एक ताकीद. या नकाशावर गटनंबरच्या रेषा चढवून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. गावनकाशे साखळीने मोजलेले, ते ड्रोनच्या फोटोवर तंतोतंत बसत नाहीत. कुठे दहा फूट इकडे, कुठे वीस फूट तिकडे. पूर एकीकडे राहील आणि धुऱ्याच्या केसेस सुरू होतील.

काळी_कसदार
हे बरोबर बोलले काका. मुरमाचा पट्टा. माझ्या वावरात तोच हाये. फोटोवालाभाऊ, नाल्याच्या पलीकडं गेलता का तुमी?

फोटोवाला_वणी
गेलो होतो, पण किती आत ते पाहावं लागेल. गाव सांगा मेसेजवर.

वकीलसाहेब
लफड्याबद्दल. २०२१ चे ड्रोन नियम आहेत. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उडवायला मोकळ्या भागात, ४०० फुटांपर्यंत उडवायला आधी परवानगी मागावी लागत नाही. ड्रोनचा नोंदणी नंबर सरकारकडून काढलेला हवा. २ किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन हौसेने उडवला तर पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण तुम्ही त्यावर पोट भरता, तेव्हा ते तुम्ही काढलेलं असावं असं धरून चालतो. आपत्तीच्या वेळी पोलीस एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन, म्हणजे उडवायला बंद, करू शकतात, म्हणून उडवण्याआधी ठाण्यात आणि तहसीलमध्ये एक फोन करायचा, नाव आणि वेळ लिहून ठेवायची. हेलिकॉप्टर फिरताना दिसलं की ड्रोन खाली, त्याला नियम वाचायची गरज नाही. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यात पुरातली माणसं काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली होती, अशा वेळी वर आपलं खेळणं नको. नेपाळात २०१५ च्या भूकंपानंतर जो तो ड्रोन उडवायला लागला आणि सरकारला थोड्याच दिवसात त्यावर बंधनं आणावी लागली.

दुसरा मुद्दा मोठा आहे आणि तो कोणी काढला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांच्या डेटाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. नकाशा बनवायला पूर्वपरवानगी नको हे चांगलं झालं. पण आडव्या अंतरात १ मीटर आणि उंचीत ३ मीटर यापेक्षा अचूक डेटा भारतीयांनीच तयार करायचा आणि भारतातच साठवायचा. तुम्ही परदेशी सर्व्हरवर टाकणार. विचार करा.

पुण्यात_अडकलेला
मूळचा दर्यापूरचा, सध्या आयटीत. वकीलसाहेब, बारकावा आणि अचूकता यात गल्लत होतेय. ड्रोनच्या फोटोत चार सेंटिमीटरचा दगड दिसतो म्हणजे तो दगड नकाशावर चार सेंटिमीटर अचूक बसला असं नाही ना. साध्या ड्रोनचं जीपीएस दोनचार मीटर हलतं, जमिनीवर मोजलेले कंट्रोल पॉइंट नसतील तर अख्खा नकाशा तेवढा सरकलेला राहतो. लग्नाच्या ड्रोनचा डेटा त्या मर्यादेच्या अलीकडेच राहील असं मला वाटतं.

वकीलसाहेब
युक्तिवाद चांगला आहे. तरी मूळ प्रत कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवा आणि सरांकडून दोन ओळी लिहून घ्या. तोंडी युक्तिवाद ठाण्यात चालत नाही.

बंडीबैल
लग्नाचा ड्रोन म्हणल्यावर नवरदेवापेक्षा अचूकच असन.

झाडीपट्टी
उशिरा आलो. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीकडे. २०२० चा ऑगस्ट संपता संपता जे झालं ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सुटलं, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले, भंडारा, पवनी, ब्रह्मपुरी, पार गडचिरोलीपर्यंत पाणी. रोवणी होऊन महिना झालेला, धान बांधीत उभा, त्यावर गाळ बसला. तेव्हा गावातल्या एका पोराने मोबाईलवर शूटिंग केलं तेवढाच काय तो पुरावा. माझं म्हणणं, फोटो खुले करताय तर छानच, पण पूर यायच्या आधी कोणत्या दरवाजातून किती पाणी सुटलं, पुढच्या गावात किती वाजता पोचेल, तो आकडा साध्या भाषेत गावात पोचत नाही तोवर वरचे फोटो म्हणजे मेल्यावरचं डॉक्टर.

पुण्यात_अडकलेला
दोन्ही पाहिजे ना दादा. पाणी कुठवर येतं हे आधीच्या पुराच्या फोटोवरून कळलं तरच "इतके क्युमेक्स (सेकंदाला इतके घनमीटर पाणी) सुटले" या आकड्याचा गावाला काही अर्थ लागेल. नुसत्या क्युमेक्सने कोणाला कळतं आपल्या गोठ्यात पाणी येणार का.

झाडीपट्टी
हे मात्र पटलं. पण दोन राज्यांच्या धरणांचा मेळ

झाडीपट्टी
अर्धवट गेला मेसेज. दोन राज्यांच्या धरणांचा मेळ कोणी बसवायचा? तिकडे सिरोंच्याचे लोक गोदावरीवरच्या मेडीगड्ड्याच्या नावाने बोटं मोडतात, २०२२ च्या जुलैत त्यांची गावं पाण्यात होती. धरण तेलंगणाचं, पाणी आमच्या

संपादक
धरणांवर वेगळा धागा चालू आहे, पाचशे प्रतिसाद झालेत, तिकडे या. इथे फोटो खुले करण्याबद्दल बोलू.

मोवाडचा
मी मोवाडचा आहे म्हणून दोन शब्द. ३० जुलै १९९१, वर्धा नदीचा पूर, आमच्या गावातली २०४ माणसं गेली. पुढे गाव नव्या जागेवर वसलं. मी तेव्हा शाळकरी. आज कोणी नवखा आला आणि विचारलं की पाणी कुठवर चढलं होतं, तर दोन म्हातारे दोन वेगवेगळ्या भिंती दाखवतात, आणि दोघंही शपथेवर. वरचा एक फोटो असता तर वाद मिटला असता. फोटोवाल्या भाऊंना एवढंच सांगेन की पाण्याची खूण जिथे जिथे आहे, बाभळीला अडकलेला काडीकचरा, भिंतीवरची गाळाची रेघ, ते खालूनही जवळून काढून ठेवा, जागेसकट. वरच्या फोटोत पाण्याची उंची नीट कळत नाही. पुढच्या पावसात ती रेघ धुऊन जाते.

नदीकाठची
सगळे टाका टाका म्हणताहेत म्हणून लिहितेय. आमची वस्ती नदीच्या काठावर आहे, जागा आमच्या नावावर नाही, आजोबांपासून राहतोय पण कागदावर अतिक्रमण. पुरात निम्म्या झोपड्यांत पाणी होतं. आता हे फोटो खुले झाले, त्यावर तारीख, अन् स्वच्छ दिसतंय की इथवर पाणी आलं. उद्या कोणी म्हणेल ही वस्ती निळ्या रेषेच्या आत आहे, इथे घरकुल मिळणार नाही, उठा. उठवून नेणार कुठे ते कोणी सांगत नाही. ज्याचा सातबारा आहे त्याच्यासाठी फोटो म्हणजे पुरावा. आमच्यासाठी तो कोणाच्या बाजूचा पुरावा होईल सांगता येत नाही.

आणि दुसरं. पाणी शिरलं तेव्हा आमच्या बाया वर पत्र्यावर बसलेल्या होत्या, साड्या ओल्या, केस मोकळे. वर ड्रोन घुमत होता. कोणाचा होता माहीत नाही. पाण्याची बाटली टाकत असेल म्हणून पोरं हात करत होती.

फोटोवाला_वणी
ताई तो माझा नव्हता, मी पाणी उतरल्यावर गेलो. पण माझ्या फोटोत तुमची नाही तरी तशीच एक वस्ती आहे. तुमचं वाचून मी थांबलो आहे. काय करू सांगा, तो भाग कापून टाकू का?

सावजी_रस्सा
गूगलवर तर सगळंच दिसते ना तसंही?

नदीकाठची
दिसतं. पण गूगलच्या फोटोत आमची वस्ती कोरडी दिसते. फरक तोच आहे.

नकाशेवाली
नदीकाठची, हे कोणीतरी लिहायला हवं होतं. मी निळ्या रेषेचं थोडं सांगते, बाकीच्यांना कळावं म्हणून. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई. ती रेषा नदीच्या मोजणीतून आणि पाण्याच्या हिशेबातून निघते, एका ड्रोनच्या फोटोवरून निघत नाही. पण तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, अर्धवट माहितीवर निर्णय होताना मी पाहिलेत.

उलटी बाजूही आहे. ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही त्यांचं घर पुरात होतं हे दाखवायला बरेचदा फोटोशिवाय काहीच नसतं. सानुग्रह मदतीच्या यादीतून सुटलेली वस्ती फोटोवर मोजून पुन्हा यादीत घालता येते. कापून टाकली तर ती वस्ती मदतीच्या नकाशावरूनही गेली. म्हणून कापायचं की ठेवायचं हे आपण इथे बसून ठरवू नये. वस्तीतल्या लोकांना मोठा प्रिंट दाखवा, काय काय दिसतंय ते सांगा, मग विचारा. बारकावा कमी करता येतो, चार सेंटिमीटरच्या ऐवजी तीस सेंटिमीटर ठेवला तर छप्पर दिसतं, माणूस दिसत नाही.

नदीकाठची
विचारायचं तर सरपंचाला विचारून मोकळे होऊ नका. वस्तीत या, बायांना विचारा, संध्याकाळी सातनंतर. दिवसा सगळ्या मजुरीला असतात.

पुण्यात_अडकलेला
याला धरूनच, टांझानियात दार-ए-सलाममध्ये रमानी हुरिया नावाचं काम २०१५ पासून झालं. शहरातल्या बऱ्याच वस्त्या पुरात बुडणाऱ्या. ड्रोनचे फोटो खुले केलेच, पण तिथले कॉलेजचे विद्यार्थी आणि राहणारे लोक गल्लीगल्लीत फिरले, कोणती नाली कुठे तुंबते, कोणत्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागतं हे त्यांनी स्वतः नकाशावर भरलं. मला यात हे आवडलं की फोटो वरून आले तरी माहिती खालून आली.

रेतीघाट_बंद_करा
बाकी सगळं ठीक, खरं कारण कोणी बोलत नाही. नदीचे फोटो खुले झाले की पात्रातले खड्डे दिसतात. किती रेती कोणत्या घाटातून उचलली, ट्रॅक्टरची वाट कुठून उतरते, वरून आरशासारखं. म्हणून काही लोकांना हे फोटो नकोत. पुरानंतर काठ का ढासळला याचं उत्तर तिथेच आहे.

फोटोवाला_वणी
दादा खरं बोललात. मला एक फोन आला, आवाज ओळखीचा नव्हता, गोड बोलून विचारत होता की भाऊ घाटाकडचे पण काढले का हो. मी म्हणलो बॅटरी संपली होती.

बंडीबैल
शाब्बास. पुढच्या खेपेले म्हणजा ड्रोनले मोतीबिंदू झाला.

काळी_कसदार
फक्त रेतीच नाही. आमच्या गावचा नवा सिमेंट रोड पाहा वरून. जुना रोड जमिनीच्या लेव्हलनं होता, पाणी त्याच्यावरून निघून जाये. नवा तीन फूट उंच केला अन् खाली मोरी म्हणून दोन बारके पाइप टाकले. आता रोड म्हणजे बांध झाला. फोटोवालाभाऊनं मले मेसेजवर पाठवला फोटो, रोडच्या वरच्या अंगाले सोयाबीन पाण्यात अन् खालच्या अंगाले कोरडं, मधात रोडची सरळ रेघ. सोयाबीन एकाच दिशेनं आडवं पडलं, पाइपाकडं तोंड करून. इंजिनिअरले सांगायची गरजच नाही. माझं मत बदललं, टाका म्हणतो मी. पैसे भेटो न भेटो, पुढच्या पावसाआधी त्या मोऱ्या मोठ्या करा म्हणाले हा फोटो ग्रामसभेत लावतो मी.

पटवारी_रिटायर
ग्रामसभेत लावाच, आणि ठरावात फोटोचा दिनांक घाला. नुसता ठराव फाइलीत जातो, फोटो जोडला की उत्तर द्यावं लागतं.

अजून एक सुचवतो. पुरानंतरचा फोटो आधीच्या फोटोशेजारी ठेवला तरच बोलतो. स्वामित्व योजनेत, २०२० च्या एप्रिलपासून, सर्व्हे ऑफ इंडियाने गावठाणांवर ड्रोन फिरवून नकाशे आणि मिळकत पत्रिका केल्या. म्हणजे बऱ्याच गावांचे आधीचे फोटो आहेत. ते गावठाणापुरते, शिवाराचे नाहीत. तसेच नागपूरला एमआरसॅक, म्हणजे राज्याचं उपग्रह-नकाशांचं केंद्र आहे, इस्रोच्या भुवन या नकाशांच्या साइटवर पुराचे थर पाहायला मिळतात. सगळं एका जागी आणि कोणालाही उतरवून घेता येईल असं मिळालं तर गावोगावी नव्याने उडवायची गरज अर्धी होईल.

भामरागड_मास्तर
इथली सगळी चर्चा नेट आहे असं धरून चाललीय. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की आमचा रस्ता बंद, पाठोपाठ लाइट, मग टॉवर. ज्या दिवशी फोटो पाहिजे त्याच दिवशी काही चढत नाही न उतरत नाही. मग खुल्या डेटाचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग आधीच्या फोटोंचा. एप्रिल-मे मध्ये, रान कोरडं असताना, परवानग्या काढून (आमच्याकडे आकाशात काही उडालं की आधी कोणाचं ते विचारतात, आणि ते रास्तच आहे) टोल्यांचे, म्हणजे छोट्या वस्त्यांचे, फोटो घ्यायचे, पायवाटा काढून ठेवायच्या, मोबाईलमध्ये उतरवून ठेवायच्या. काठमांडू लिव्हिंग लॅब्सने नेपाळात तेच केलं होतं. २०१५ च्या भूकंपाआधीपासून ते शाळा-दवाखाने नकाशावर भरत होते, म्हणून भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना शून्यातून सुरुवात करावी लागली नाही.

दुसरं, फोटोत नाव दिसत नाही. आमच्या टोल्यांना सरकारी यादीत एक नाव, लोकांच्या तोंडी माडिया बोलीत दुसरं. परदेशातला माणूस छप्पर काढेल, टोल्याचं नाव इथलं पोरगंच सांगेल.

सावजी_रस्सा
मास्तर, तुमच्याकडे यायचं आहे एकदा. पावसाळा सोडून.

भामरागड_मास्तर
या. डिसेंबरात या. ड्रोन नका आणू, पुस्तकं आणा.

फोटोवाला_वणी
बरं मंडळी, पुढची खबर. सरपंच, शाळेच्या बाई अन् मी मिळून वस्तीत गेलो, संध्याकाळीच. फ्लेक्सवाल्याकडून मोठा प्रिंट काढून नेला होता. अर्धा तास तर सगळे आपापलं घरच शोधत होते. एक आजी म्हणाली माझा कोंबड्यांचा खुराडा वाहून गेला तो दिसते का पाह्य. मग बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, छप्परं दिसू द्या, जवळचं नको, अन् आमच्या नुकसानीची यादी आमच्याजवळ राहू द्या, नेटवर नको. तसंच करतो. वावरं, नाला, रस्ते, पूल पूर्ण बारकाव्याने, वस्ती तीस सेंटिमीटरवर. नदीच्या पात्राचंही पूर्ण टाकतो, मग बॅटरी संपली म्हणायची सोय नाही राहत.

आता पुण्यातले भाऊ, जोडायचं कसं ते सांगा. सरांचा कॉम्प्युटर दमला.

पुण्यात_अडकलेला
वेबओडीएम वापरा, फोटो जोडायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. रॅम १६ जीबी तरी पाहिजे, नसेल तर फोटोंचे गट पाडून जोडा. शेजारशेजारच्या फोटोंत ७०-७५ टक्के भाग सारखा असेल तर नीट जुळतात. नदीच्या पाण्यावर मात्र जुळणार नाहीत, हलत्या पाण्यात धरायला खूणच नसते, तिथे भोकं पडली तर घाबरू नका. निघालेली फाइल जिओटिफ, म्हणजे जागेची माहिती आत असलेलं चित्र, असते, ती चढवायची. फोटो कधी काढले ती तारीख नक्की भरा, तारखेशिवाय पुराचा फोटो म्हणजे नुसतं निसर्गचित्र. लायसन्स सीसी बाय ४.० निवडा, म्हणजे कोणीही वापरू शकतो पण तुमचं नाव द्यावं लागतं.

फोटोवाला_वणी
म्हणजे चॅनेलवाल्यांनाही द्यावं लागेल?

वकीलसाहेब
द्यावं लागेल. देतील की नाही ते पुढचं.

फोटोवाला_वणी
चढवलं हो. रात्रभर लावून ठेवलं होतं, सकाळी झालं. आता रस्ते काढायला कोणाला सांगू?

नकाशेवाली
मी सुरू केलं कालच. दोघी मैत्रिणी पण बसल्या आहेत. नाल्याच्या पूर्वेची घरं झाली, मोठा रस्ता झाला. एका ठिकाणी अडलोय. शाळेच्या मागून शिवारात जाणारे दोन पांदण दिसतात, तिसऱ्या रपट्याजवळ फुटतात, दोन्हीवर चाकोऱ्या आहेत. पलीकडच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, जायला खरा रस्ता कोणता?

काळी_कसदार
डावा. उजव्यानं फक्त बंडी जाते, अन् मृग लागला की तोही बंद, गुडघाभर चिखल. ॲम्बुलन्स उजव्यानं घातली तर काढाले आमचेच बैल लागतीन.

नकाशेवाली
डावा गाडीचा रस्ता म्हणून टाकते, उजवा बैलगाडीचा, पावसाळ्यात बंद. डाव्यावरचा रपटा शाबूत आहे ना? फोटोत त्यावर गाळ दिसतोय, खालचं कळत नाही.

काळी_कसदार
सकाळी तिकडूनच जातो दूध घेऊन. पाहून सांगतो.